सत्तावीस झाडं आणि एक न सापडलेली कबर

"मामू, तुम्हाला बकिंगहॅम पॅलेस बघायचा आहे की कबरस्तान?"

गेल्या ऑगस्टमध्ये भाचीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी चहा पिताना तिने हा प्रश्न विचारला. तिला माझी खोड माहीत आहे. कुठल्याही गावात गेलो तरी मी आधी जुनी मशीद, मग दर्गा आणि शेवटी कबरस्तान बघतो. या वेळी मात्र त्यामागे आणखी एक कारण होतं. निघताना अम्मी म्हणाली होती, "तिकडे जातोयस, तर कुणाही मुसलमानाच्या कबरीवर फातिहा पढून ये. माझ्या आज्याला पोहोचेल."

अम्मीचा आजा रत्नागिरीकडचा खलाशी. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईहून इंग्रजांच्या जहाजावर कामाला गेला आणि परतला नाही. घरात त्याचा फोटो नाही, कागद नाही, पत्र नाही. "विलायतेत दफन केलं" एवढं एक वाक्य तीन पिढ्या चालत आलं. विलायत केवढी मोठी आहे, तिथे खलाशाला कोण दफन करणार, की तो समुद्रातच गेला, हे कुणी विचारलं नाही. बायकांनी मात्र त्याच्या नावाने फातिहा देणं कधी सोडलं नाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "कबरस्तान." तिने नवऱ्याची सायकल अंगणात काढून ठेवली आणि म्हणाली, "मग तुम्ही वोकिंगला जा. सगळं एकाच रस्त्यावर आहे."

वोकिंग हे सरे परगण्यातलं गाव. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर. आता ते नोकरदारांचं शहर झालंय, उंच इमारती आल्यात. पण स्टेशनपासून पंधरा मिनिटं चाललात की झाडी लागते, माळरान लागतं, जुना कालवा लागतो. या एवढ्याशा टापूत ब्रिटनमधल्या मुसलमानांचा सुरुवातीचा बराचसा इतिहास मुरलेला आहे. पायी आणि सायकलने तो एका दिवसात पाहून होतो. मी दोन दिवस घेतले, कारण वय झालंय आणि कबरींसमोर मला घाई करता येत नाही.

भोपाळच्या बेगमची मशीद

स्टेशनवरून ओरिएंटल रोडने निघालं की पाईनच्या झाडांआड एक हिरवा घुमट दिसतो. ही शाहजहान मशीद. १८८९ साली बांधलेली, ब्रिटनमधली मशीद म्हणूनच उभारलेली पहिली इमारत. आकाराने इतकी लहान की आपल्याकडच्या मोहल्ल्यातली मशीदही तिच्यापेक्षा मोठी वाटावी. आत साठेक माणसं उभी राहिली की जागा संपते. जुमा आणि ईदला शेजारच्या मोठ्या इमारतीत सोय केलेली आहे.

ही मशीद बांधवून घेतली ती गॉटलिब विल्हेल्म लाइटनर या माणसाने. जन्म १८४० चा, हंगेरीतल्या पेस्ट शहरात, ज्यू कुटुंबातला. भाषांचं विलक्षण वेड. विशी ओलांडते न ओलांडते तोच लंडनच्या किंग्ज कॉलेजात अरबीचा प्राध्यापक झाला. पुढे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पंजाब विद्यापीठाच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता. इंग्लंडला परतल्यावर त्याने वोकिंगमध्ये एक रिकामी पडलेली भव्य इमारत घेऊन ओरिएंटल इन्स्टिट्यूट सुरू केलं. निवृत्त नटांच्या आश्रमासाठी ती मुळात बांधली होती. इथे शिकायला येणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांना नमाजाची जागा हवी, म्हणून मशीद.

पैसा आला हिंदुस्थानातून. भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांनी मोठी देणगी दिली आणि मशिदीला त्यांचं नाव मिळालं. शेजारच्या घराला हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांचं नाव आहे. औरंगाबादपासून नांदेडपर्यंतचा आपला मराठवाडा तेव्हा ज्या राज्यात होता, त्याच राज्याचे हे दिवाण. तिथे उभं असताना मला एक गोष्ट आठवली. याच बेगमनी भोपाळमध्ये ताजुल मसाजिद बांधायला घेतली होती. ती प्रचंड मशीद त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १९०१ साली त्या वारल्या आणि ती पूर्ण व्हायला १९८५ साल उजाडलं. स्वतःच्या राजधानीतली मशीद अर्धवट राहिली आणि सातासमुद्रापारची ही इवलीशी मशीद मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली.

१८९९ साली लाइटनर वारला आणि मशिदीला कुलूप लागलं. इन्स्टिट्यूट बंद पडलं. त्या जागेवर पुढे कारखाना आला आणि आता दुकानांचा बाजार आहे. मशीद पुन्हा उघडली ती लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन १९१२ च्या सुमाराला इंग्लंडला आल्यावर. त्यांनी इथून 'इस्लामिक रिव्ह्यू' हे मासिक काढलं. त्यांच्या जमातीबद्दल मुसलमानांत मतभेद आहेत, पण बंद मशिदीचं दार उघडलं ते त्यांनी, हे श्रेय त्यांचंच. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने ही वास्तू पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत घेतली. जुमा नव्हता, तरी दोन रकात नफिल पढलो आणि सायकल काढली.

माळावरची कमान

मशिदीपासून मॉन्युमेंट रोडने उत्तरेला निघालं की कालव्यावरचा पूल लागतो आणि त्यापलीकडे हॉर्सेल कॉमन. कॉमन म्हणजे आपल्याकडच्या गायरानासारखी जागा, जिथे गावकऱ्यांचे जुने हक्क चालत आलेले असतात. वाळूची जमीन, पाईन आणि बर्चची झाडं, मधे हेदरची झुडपं. ऑगस्टमध्ये हेदरला जांभळा बहर येतो. पावसाळ्यात कासच्या पठारावर गेलेल्या माणसाला हे दृश्य अगदीच परकं वाटणार नाही.

याच कॉमनवर वाळूची एक जुनी खाण आहे. एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळावरचे लोक पहिल्यांदा उतरतात ते इथे. वेल्स १८९५-९६ मध्ये वोकिंगला राहत होता, नवीनच सायकल शिकला होता. तो सायकलवरून आजूबाजूला भटकायचा आणि मंगळवासी कुठली जागा उद्ध्वस्त करतील हे ठरवत जायचा. कादंबरीत त्याने आपल्या या मशिदीचा कळसही उडवला आहे. त्या जागेवर राग धरायचं कारण नाही. मंगळवासीयांना दोष देण्याआधी गोऱ्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा, असं तो आपल्या वाचकांना पहिल्याच प्रकरणात सुनावतो. गंमत अशी की वोकिंगच्या सायकलमार्गांना आता ग्रहांची नावं दिली आहेत.

खाणीच्या पूर्वेला, झाडीत, मला हवी असलेली जागा होती. लाल विटांची चौकोनी भिंत, घुमटाची कमान, कोपऱ्यांवर छत्र्या. इंग्लंडच्या रानात अचानक बिजापूरचा एखादा तुकडा आणून ठेवावा तसं. हे पहिल्या महायुद्धातल्या मुसलमान सैनिकांचं कबरस्तान.

त्याची कथा अशी. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्सच्या खंदकांत पोहोचली. जखमींना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणत. ब्रायटनचा रॉयल पॅव्हेलियन हा घुमट-मिनारांचा शाही महाल हिंदी जखमींचं इस्पितळ झाला. तिथे जे हिंदू आणि शीख वारले त्यांचं दहन शहराबाहेरच्या टेकड्यांवर झालं. त्या जागी १९२१ साली छत्री उभी राहिली. मुसलमानांचे जनाजे मात्र वोकिंगला येत, कारण मशीद इथे होती आणि इमाम इथे होते.

त्याच सुमाराला, नोव्हेंबर १९१४ मध्ये, तुर्कस्तानच्या सुलतानाने म्हणजे तेव्हाच्या खलिफाने इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला होता. खंदकातला हिंदी मुसलमान शिपाई आपल्याच खलिफाच्या शत्रूकडून लढत होता. जर्मनांनी याचा फायदा घ्यायचं ठरवलं. इंग्रज मुसलमानांना धर्माप्रमाणे दफनसुद्धा करत नाहीत, असा प्रचार त्यांनी सुरू केला. शिवाय बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला मुसलमान युद्धकैद्यांसाठी खास छावणी काढली आणि १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली. जर्मनीतली ती पहिली मशीद. कैद्यांनी बाजू बदलावी, एवढाच तिचा हेतू.

इकडे वोकिंगचे इमाम मौलवी सद्रुद्दीन सरकारकडे योग्य जागेसाठी पाठपुरावा करत होते. त्यांच्या मागणीला अखेर वजन आलं ते जर्मन प्रचारामुळे. इंडिया ऑफिसच्या वास्तुशिल्पकाराने आराखडा केला आणि १९१७ मध्ये ही कमान आणि भिंत पुरी झाली.

म्हणजे एका बादशाहीने मशीद बांधली, दुसरीने कबरस्तान. दोन्ही वास्तू सुंदर, पण दोन्हींच्या पायात मुसलमानांबद्दलचं प्रेम नव्हतं, हिशेब होता. इमामांची मागणी मात्र खरी होती. मेलेल्या माणसाला गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज आणि किब्ल्याकडे तोंड करून थोडी माती, एवढंच ते मागत होते.

दोन्ही महायुद्धांतले मिळून सत्तावीस सैनिक इथे होते. कबरींची नासधूस होऊ लागली म्हणून १९६८ साली त्यांचे अवशेष ब्रुकवूडच्या लष्करी कबरस्तानात हलवले गेले. भिंती रिकाम्या राहिल्या, झाडी वाढली. २०१५ साली दुरुस्ती होऊन तिथे शांतिबाग झाली. आत पाण्याचा एक हौद आहे, नावं कोरलेला दगड आहे आणि हिमालयातल्या बर्चची सत्तावीस झाडं. प्रत्येकासाठी एक. पांढऱ्या सालीची ती झाडं वाऱ्यात हलत होती. मी नावं वाचली. त्यात कोकणी आडनाव असण्याची शक्यता नव्हती, हे मला माहीत होतं. हे शिपाई होते आणि अम्मीचा आजा खलाशी. तरीही सगळी नावं वाचून काढली.

एक इंग्रज म्हातारा कुत्रा घेऊन फिरायला आला होता. कुत्र्याला त्याने कमानीबाहेरच बांधलं आणि मगच तो आत आला. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. पण त्याचं ते करणं माझ्या लक्षात राहिलं.

कालव्याच्या काठाने

दुसऱ्या दिवशी ब्रुकवूड. वोकिंगपासून तिथवर बेसिंगस्टोक कालव्याच्या काठाने सायकलची वाट जाते. या वाटेला शनीचं नाव आहे. कालवा १७९४ साली पुरा झाला. पूर्वी घोडे या काठावरून चालत आणि दोराने मालाच्या होड्या ओढत, म्हणून वाट सपाट आणि झाडांच्या सावलीतली आहे. रेल्वे आली, कालव्याचा धंदा बसला आणि अखेर तो गाळाने भरला. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तो साफ केला आणि १९९१ साली पुन्हा खुला झाला. होडी चढवायला-उतरवायला ठिकठिकाणी पाण्याची दारं आहेत. बदकं आणि चतुर भरपूर. चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची, घंटी हळू वाजवायची, हा इथला रिवाज. तासाभराच्या आत मी ब्रुकवूडला पोहोचलो, वाटेत दोनदा थांबूनही.

ब्रुकवूड कबरस्तान १८५४ साली उघडलं. लंडनची कबरस्तानं भरून वाहत होती, कॉलऱ्याने माणसं मरत होती, म्हणून एका कंपनीने शहराबाहेर एवढी जमीन घेतली की लंडनचे मुडदे कायमचे मावावेत. वॉटर्लूहून खास प्रेतांची रेल्वे सुटे आणि तिलाही वर्ग होते. नातेवाइकांना परतीचं तिकीट, मुडद्याला एकेरी. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तिचं लंडनचं स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ती गाडी बंद पडली. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात जागेअभावी जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागतात हे पाहिलेल्या माणसाला इथली ऐसपैस जागा बघून आधी हेवा वाटतो.

इथे प्रत्येक जमातीचा वेगळा भाग आहे. पारशांचा भाग १८६२ पासूनचा. तिथे जमशेटजी टाटांची समाधी आहे. १९०४ साली ते जर्मनीत वारले. त्यांचे दोन्ही मुलगे, दोराबजी आणि रतनजी, त्यांच्याजवळच आहेत. ज्यांच्या नावाशिवाय मुंबईचं पान हलत नाही ते टाटा सरेच्या पाईनच्या झाडांखाली आहेत, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

मुसलमानांचा भाग १८८४ च्या सुमाराला लाइटनरच्याच खटपटीने मिळाला. प्रिव्ही कौन्सिलवर बसलेले पहिले हिंदी न्यायमूर्ती सय्यद अमीर अली इथे आहेत. पॅलेस्टाईनचा व्यंगचित्रकार नाजी अल-अली, ज्याचा १९८७ साली लंडनमध्ये खून झाला, तोही इथे आहे. पण मी शोधत होतो दोन कबरी.

पहिली मार्माड्यूक पिक्थॉलची. पाद्र्याचा मुलगा, कादंबरीकार. महायुद्ध ऐन भरात असताना, १९१७ साली, त्याने इस्लाम स्वीकारला. लढायला तयार आहे, पण तुर्कांविरुद्ध नाही, असं तो उघड म्हणे. १९२० मध्ये तो मुंबईला 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होऊन आला आणि खिलाफत व असहकाराच्या बाजूने चार वर्षं लिहीत राहिला. पुढे हैदराबादला निजामाच्या नोकरीत असताना त्याने कुरआनचं इंग्रजी भाषांतर पुरं केलं. ते १९३० साली आलं. १९३६ साली तो वारला.

दुसरी अब्दुल्ला यूसुफ अलींची. बोहरा घराण्यातले, मुंबईत शिकलेले, १८९१ चे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. मग केंब्रिज, मग आय.सी.एस. महायुद्धात त्यांनी इंग्रजांच्या बाजूने जीव तोडून भाषणं दिली आणि सरकारने त्यांना १९१७ साली किताब दिला. म्हणजे ज्या साली पिक्थॉल मुसलमान झाला आणि ज्या साली हॉर्सेलची कमान पुरी झाली, त्याच साली. त्यांचं कुरआनचं इंग्रजी भाषांतर तर जगभर घरोघरी आहे. आमच्याही घरी आहे.

त्यांचा शेवट मात्र वाचवत नाही. डिसेंबर १९५३ मध्ये, ऐन थंडीत, लंडनच्या रस्त्यावर एक बेवारस म्हातारा पोलिसांना सापडला. इस्पितळातून त्याला वृद्धाश्रमात नेलं. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, तो वारला. ते यूसुफ अली होते. ज्या साम्राज्यासाठी त्यांनी आयुष्यभर वकिली केली, त्याचा एकही माणूस जवळ नव्हता. पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाने पुढाकार घेऊन त्यांना इथे दफन केलं.

आपल्याकडे या दोघांची तुलना चटकन होईल. एक बंडखोर, दुसरा सरकारचा माणूस. इंग्रज असून आपल्या बाजूने उभा राहिला तो, आणि आपला असून इंग्रजांच्या बाजूने गेला हा. हल्ली तर निष्ठेचे दाखले मागायची आणि द्यायची घाई झाली आहे. महायुद्धात आमचे इतके शहीद झाले, असं आपणही छाती पुढे काढून सांगतो, जणू या देशात राहण्याची ती पावती आहे. मी पण सांगितलंय. पण त्या दोन कबरींसमोर उभं राहिल्यावर वाटलं, दोघांनी कुराणाचा एकेक शब्द तोलत वर्षं घालवली. त्यांना निकाल देणारा मी कोण?

मग लष्करी भागात गेलो. हॉर्सेलहून आणलेले सैनिक आता इथे आहेत, हिरवळीवर सरळ रांगांत. तिथे अम्मीची फातिहा पढलो. आधी त्या शिपायांसाठी, मग नाव घेऊन तिच्या आज्यासाठी.

परतताना कालव्याकाठी एक विचार सोडत नव्हता. शिपायांना कमान मिळाली, कारण शिपाई बिथरला तर युद्ध हातचं जाईल ही भीती होती. आमच्या खलाशाची भीती कुणाला नव्हती. बॉयलरजवळ कोळसा ओढणारा, डेकवर दोर ओढणारा माणूस पाणसुरुंगाने बुडाला तर त्याच्या दफनाबद्दल जर्मनांनी प्रचार केला नाही आणि इंग्रजांना उत्तर द्यावं लागलं नाही. मेलेल्यांमध्येही उपयोगाचे आणि बिनउपयोगाचे असा फरक झाला.

संध्याकाळी भाचीने विचारलं, "मामू, नानीच्या आज्याचं काही सापडलं का?"

"नाही," म्हटलं, "पण कुठे शोधायला हवं ते कळलं."

कारण त्याच रात्री वाचताना समजलं की पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक इंग्लंडमध्ये नाही, मुंबईत आहे. मस्जिद बंदरला, खलाशांच्या जुन्या वसतिगृहात. ज्या रस्त्याने मी तीस वर्षं मसाला आणि खजूर घ्यायला जातो, तिथून हाकेच्या अंतरावर. मी सत्तावीस झाडं बघायला सात हजार किलोमीटर गेलो आणि घराजवळच्या या दोन हजार माणसांच्या दारात कधी थांबलो नाही.

अम्मीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जुम्यानंतर जाऊ या. मला जिने चढवतील, पण तू हात धर."